पत्र्याचं तिकोनं

३ मार्च

आजी,

फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू तुझ्या मनानं लावतेस, म्हणून पत्र. मोठ्या अक्षरात लिहिते आहे, चष्मा शोधत बसू नकोस.

रडारवाल्यानं अर्ज केला आहे. तोच, ज्या दिवशी बाबांचं विमान धुक्यात डोंगराला धडकलं त्या दिवशी पडद्यासमोर बसलेला. सत्तावीस वर्षांनी त्याला जाग आली आहे. चौकशीत त्याच्यावर ठपका आला होता की विमान पडद्यावर स्पष्ट दिसत असणार, यानं लक्ष दिलं नाही. आता तो म्हणतो, पडद्यावर काहीच नव्हतं, माझी नोकरी उगाच गेली, ठपका काढा. वीस जूनला सुनावणी आहे. वैमानिकाची मुलगी म्हणून मला नोटीस आली आणि जुन्या फाइलीची प्रतही मिळाली.

तो खरं बोलतो की खोटं, हे आता घरबसल्या काढता येतं. जगभरच्या लोकांनी मिळून बनवलेलं एक सॉफ्टवेअर आहे. फुकट मिळतं, आणि ते आतून कसं मोजतं हे कुणालाही उघडून बघता येतं. विमानाचा आकार कॉम्प्युटरमध्ये काढायचा, त्याच्या अंगाचे बारीक त्रिकोण करायचे, मग चहूबाजूंनी रडारची लाट सोडायची आणि किती परत फिरते ते मोजायचं. त्या जुन्या रडारची लाट साधारण वीतभर लांब होती, म्हणून एकेक त्रिकोण दोन बोटांपेक्षा मोठा चालत नाही. आमच्या विभागातला कॉम्प्युटर चार दिवस घरघरत होता.

बाबा पंखाला टेकून उभे आहेत त्या फोटोवरून आकार काढला. सोबत निकालाचं चित्र पाठवते आहे. मधला ठिपका म्हणजे विमान. रेघ जितकी लांब गेली आहे, तितकं त्या बाजूनं ते जास्त दिसतं. बघ, सगळीकडून दिसतं आहे. तो खोटं बोलतो आहे, आजी.

तू त्या विमानं बांधायच्या शेडमध्ये कामाला होतीस. शेपटाची लांबी तेवढी आठवून कळव, फोटोत ती कापली गेली आहे.

तुझी
भिंगरी

१४ मार्च

भिंगरी,

आशीर्वाद आहेतच, ते दर पत्रात नव्यानं मोजून द्यायची गरज नाही.

तुझं चित्र खालच्या मजल्यावरच्या शेजारणीला दाखवलं. ती म्हणाली, नातीनं टेबलावरचा रुमाल विणायला घेतलाय वाटतं. मी हो म्हटलं. तिला समजावण्यात माझा दिवस गेला असता.

तू विमान पत्र्याचं केलंस. चार वर्षं कॉलेज, त्यावर आणखी दोन वर्षं कसली ती, आणि फोटोत चकाकतं ते पत्राच असतं असं तुला वाटलं. अगं, ते कापड होतं. आत लाकडाच्या फासळ्या, वर कापड. माझ्या मांडीवर शिवलेलं कापड तू पत्रा करून टाकलंस. आम्ही आठ बाया होतो. कापड ताणून चढवायचं, वाकड्या सुईनं मेणाच्या दोऱ्यानं फासळीला शिवायचं, टाक्याटाक्यात दोन बोटं अंतर, इकडचं तिकडं झालं तर मुकादम उसवायला लावायचा. मग उग्र वासाचा लेप द्यायचा. त्यानं कापड आवळून ढोलासारखं वाजायचं आणि आमची डोकी चढायची. सगळ्यात वर चांदीचा रंग. तो उन्हानं कापड सडू नये म्हणून, शोभेसाठी नाही. तू माझ्यासारखी चौथी पास असतीस तर हात लावून बघितलं असतंस. जास्त शिकलीस म्हणून फोटो बघितलास.

धातूचं म्हणशील तर पुढं इंजिन, तेलाची टाकी, पंखातल्या तारा, पायाखालचे दांडे. संपलं. शेपूट माझे दोन्ही हात पसरले तर होतं त्याच्या अडीच पट. आत पोकळ.

हे सगळं लिहिलं कारण पत्रा म्हणालीस ते सोसलं नाही. नाहीतर माझं मत विचारशील तर त्या अर्जाला उत्तरच देऊ नकोस. पन्नाशी ओलांडली असेल त्यानं, खरडू दे त्याला अर्ज. त्यानं बघितलं नाही हे सगळ्या गावाला ठाऊक आहे, त्यासाठी कॉम्प्युटर कशाला तापवायचा. तुझ्या परीक्षेचं काय झालं ते लिही.

आजी

९ एप्रिल

आजी,

परीक्षा झाली. तू बोललीस ते लागलं, पण खरं होतं. सरांना सांगितलं तर ते हसले आणि म्हणाले, आजीला इथं शिकवायला आण.

विमान पुन्हा बांधलं. या वेळी लाकूड आणि कापड. लाट कापडातून आरपार जाते, जणू काही आडवं आलंच नाही. निकाल आला. समोरून इंजिनामुळं थोडं दिसतं. बाजूनं आणि मागून जवळजवळ काहीच नाही, एखाद्या मोठ्या पक्ष्याएवढं. त्यात मागं डोंगर, तो स्वतःच इतकी लाट परत फेकतो की त्यात पक्षी शोधून सापडायचा नाही. म्हणजे तो माणूस खरं बोलत होता असं झालं. तीन दिवस मी खोलीबाहेर पडले नाही.

चौथ्या दिवशी फाइल पुन्हा पहिल्यापासून वाचली आणि तुमच्या शेडचं कार्ड सापडलं. त्यावर लिहिलं आहे, ‘शेपटाच्या पोकळीत परावर्तक बसवला’, पुढं शिक्का, नंबर चौदा. परावर्तक म्हणजे हातभर लांबीचे तीन चौकोनी पत्रे, खोलीच्या कोपऱ्यासारखे एकमेकांना काटकोनात जोडलेले. लाट कुठूनही येऊ दे, आल्या वाटेनं परत जाते. कापडी विमान दिसावं म्हणूनच तो ठेवत. तो मी शेपटात ठेवला आणि पुन्हा मोजलं. विमान दिव्यासारखं उजळलं.

दुसरं, रेडिओवरचं बोलणं कागदावर उतरवलेलं आहे. रडारवाला म्हणतो, मला तू दिसत नाहीस, डावीकडे वळ, म्हणजे ओळखता येईल. बाबा वळतात. पुन्हा तेच. मग तो विचारतो, ‘विमानात परावर्तक आहे ना?’ इथं लिहिलं आहे, अकरा सेकंद शांतता. मग बाबा म्हणतात, ‘आहे.’ तो तिसऱ्यांदा वळायला सांगतो. त्यापुढं कागद कोरा आहे.

बाबांचा आवाज मी कधी ऐकला नाही. हा एक शब्द मी किती वेळा वाचला असेल, तुला सांगून उपयोग नाही. स्वतः वैमानिक सांगतो आहे की परावर्तक आहे. म्हणजे विमान पडद्यावर होतंच, आणि तो माणूस तिकडं बघत नव्हता.

आता एकच काम कर. शिक्का चौदा कुणाचा होता? ती बाई जिवंत असेल तर तिचा जबाब घ्यायचा आहे. एक जूनपर्यंत सगळं द्यायचं आहे.

भिंगरी

१२ मे

आजी,

महिना झाला. शेजारणीला फोन केला. ती म्हणाली, ठणठणीत आहे, काल चहावाल्याशी साखरेवरून भांडली. म्हणजे हात चालतात, तोंड चालतं, फक्त लिहिता येत नाही.

चौदा नंबर आठवत नसेल तर तसं लिही. मी दुसरीकडून काढते.

भिंगरी

२१ मे

भिंगरी,

चौदा मी.

एवढंच लिहून पाकीट बंद केलं होतं. मग उघडलं. तू प्रश्नावर प्रश्न पाठवशील आणि मला दर वेळी पोस्टापर्यंत जावं लागेल, त्यापेक्षा एकदाच लिहिते.

त्या पत्र्याला आम्ही तिकोनं म्हणायचो. शेपटाचं टोक सगळ्यात शेवटी शिवायचं. शिवण्याआधी आत हात घालून तिकोनं जागेवर आहे, खिळे घट्ट आहेत, हे बघायचं, मग शिवायचं, मग कार्डावर शिक्का मारायचा. ही रीत. आणि चालत असे ते वेगळं. पत्राकामवाल्यांकडून वस्तू वेळेवर यायच्या नाहीत, विमान तर शनिवारी बाहेर काढायचं असायचं. तेव्हा मुकादम म्हणायचा, शिक्का मारून टाका, पुढच्या वेळी कापड उसवलं की बसवू. माझ्या हातून तीन विमानं अशी गेली होती. तिन्ही परत आली, तिन्हींत नंतर तिकोनं बसलं, कुणाचं काही बिघडलं नाही. आपण करतो ते चूक आहे, हे त्यामुळं विसरायला होतं.

या विमानासाठी तिकोनं आलं होतं. एक कोपरा दबलेला होता. मीच परत पाठवलं, कारण वाकडं काम मी माझ्या हाताखालून जाऊ देत नसे. दबलेलं तरी बसवलं असतं तर काय झालं असतं ते तुझ्या कॉम्प्युटरला विचारू नकोस. मला कळवूही नकोस.

तुझा बाप शेजारी स्टुलावर बसून मला दोरा ओवून देत होता. नवं विमान हातात येणार म्हणून पाय जमिनीवर ठरत नव्हते त्याचे. आई उरक, आई उरक, असं चाललं होतं. मी म्हटलं, ‘अरे, याचं पोट रिकामं आहे.’ तो आत डोकावला आणि म्हणाला, ‘कुठं धुकं आहे आत्ता? दोन दिवसांत परत आणून देतो, मग बस उसवत.’ मी शिवलं. शिवण सुबक झाली होती. शिक्का मारला. दोन दिवसांचे नऊ झाले, आणि नवव्या दिवशी धुकं पडलं.

चौकशी झाली. आम्हा बायांना कुणी विचारलंच नाही. त्यांनी कार्ड बघितलं, शिक्का बघितला, आणि पुरे झालं. मला खोटं बोलायचीही पाळी आली नाही. मी नुसती गप्प बसले, आणि लोक म्हणाले, बिचारीची वाचा गेली.

तो रडारवाला दहाव्या दिवशी घरी आला होता. तू पाळण्यात होतीस. जिन्यात उभा राहिला, वर यायची हिंमत नाही. कोवळा पोरगा, तुझ्या बापाच्याच वयाचा. म्हणाला, ‘आई, मी डोळे फाडून बघत होतो, मला खरंच काही दिसलं नाही.’ मी जिन्याच्या वरच्या पायरीवरून, चार घरांचे दरवाजे उघडे असताना म्हटलं, ‘तू झोपला होतास. माझा मुलगा तुझ्या डोळ्यांनी खाल्ला.’ खरं काय ते मला ठाऊक होतं, तरी तोंडातून हे आलं. गावानं माझंच बोलणं उचललं. चौकशीचा कागद नंतर आला.

त्यानंतर मी त्याच शेडमध्ये अकरा वर्षं शिवत होते. एकही विमान रिकामं जाऊ दिलं नाही. मुकादमाशी हातघाईवर आले दोनदा. त्यानं कुणाचं काय परत मिळतं.

रेडिओवरचं ते मला माहीत नव्हतं. कुणी वाचून दाखवलं नाही, मी मागितलं नाही. तुझ्या पत्रात वाचलं. तू इंजिनिअर, तुला त्यातून कळलं की तिकोनं होतं. मी आई, मला कळलं की तो अकरा सेकंद काय बघत होता. नाही म्हणाला असता तर ते कागदावर आलं असतं, आणि खाली उतरल्यावर पहिला प्रश्न झाला असता की चौदा नंबर कोण. नाही म्हणाला असता तर रडारवाल्यानं शोधणं सोडून त्याला वर काढलं असतं, लांब पाठवलं असतं. हे त्याला कळत नव्हतं असं नाही, तो वैमानिक होता. त्याला वाटलं असेल, निभावेल.

घड्याळ घेऊन बसले आणि अकरा सेकंद मोजले. या महिन्यात दुसरं काही केलं नाही. साखरेवरून भांडले ते खरं आहे, कमी देत होता तो.

आता तू काय करायचं ते तू बघ. मी सांगणार नाही. पत्रा म्हणालीस तेव्हा गप्प बसले असते तर आज तू निवांत झोपली असतीस आणि मीही. पण कामाला कुणी नाव ठेवलेलं मला चालत नाही.

आजी

८ जून

आजी,

मुदत पंधरा दिवस वाढवून घेतली.

तुझं पत्र आल्यावर मी विमान दोनदा मोजलं, तिकोनं घालून आणि काढून. मला माहीत होतं काय येणार. तरी मोजलं. तिकोनं असतं तर ते शेवटची सहा मिनिटं पडद्यावर दिसत राहिलं असतं.

रडारवाल्याकडे जाऊन आले. एका दुकानाच्या मागच्या खोलीत तो घड्याळं दुरुस्त करतो. नोकरी गेल्यापासून तेच. मी कोण ते सांगितल्यावर त्यानं डोळ्याला लावलेलं भिंग काढलं आणि खुर्ची पुसून दिली. कपाटातून एक जाड फाइल काढली. आजी, त्यात डोळे तपासल्याचे कागद आहेत. दर वर्षी एक, वेगवेगळ्या डॉक्टरांचे. सगळ्यांवर एकच लिहिलं आहे, दृष्टी उत्तम. मी विचारलं, इतके कशाला? तो म्हणाला, ‘तुमच्या आजी म्हणाल्या होत्या ना. त्या आई होत्या, त्या उगाच कशाला म्हणतील?’

मी तिकोनं नसतानाच्या आकृत्या पुढं ठेवल्या. त्यानं खूप वेळ बघितल्या. म्हणाला, ‘म्हणजे तिथं बघण्यासारखं काही नव्हतंच.’ मग म्हणाला, ‘पण वळायला मी सांगितलं. तीनदा. मी सांगितलं नसतं तर?’ मी आकृत्या गोळा केल्या. चहा न घेताच निघाले.

तुझं पत्र मी त्याला दाखवलं नाही. सोबत जबाबाचा मसुदा पाठवते आहे, खाली सही कर. त्यात लिहिलं आहे की कामाच्या घाईत परावर्तक बसवायचा राहून गेला, शिक्का चुकून मारला गेला, आणि वैमानिकाला याची कल्पना नव्हती. त्यानं ‘आहे’ म्हटलं ते कार्डावर विसंबून. इतकं पुरेसं आहे. रडारवाल्याचा ठपका यानंही जातो. बाबांना माहीत होतं हे लिहायची कुणालाच गरज नाही. स्टूल, दोरा, ते सगळं तुझ्यापाशी ठेव.

माझ्याकडे त्यांचा एक फोटो आणि एक शब्द आहे. फोटोतलं विमान कापडाचं निघालं. शब्द तरी राहू दे.

सुट्टीत येणार नाही. आई असती तर तिला काय सांगितलं असतं, याचाच विचार करते आहे.

भिंगरी

१५ जून

भिंगरी,

तुझा मसुदा परत पाठवते आहे. सही केलेली नाही.

राहून गेला असं लिहू नकोस. भाजीत मीठ राहून जातं. मी हात घालून बघितलं, रिकामं आहे हे कळलं, आणि वरून शिवलं. शिक्का चुकून मारला गेला नाही, शाई नीट लावून मारला. सत्तावीस वर्षांनीही तुला तो वाचता आला.

आणि तुझ्या बापाला माहीत होतं. रडारवाल्याला फरक पडत नाही म्हणतेस. तो तुझ्यासमोर काय म्हणाला ते तूच लिहून पाठवलंस आणि तुलाच वाचता आलं नाही. त्याचा ठपका वीस तारखेला साहेब लोक काढतील, तो कागदावरचा. वळायला सांगितल्याचा कोण काढणार? त्यानं नीट विचारलं होतं. त्याला खोटं उत्तर मिळालं. त्या उत्तरावर त्यानं जे करायचं तेच केलं. एवढं त्याला कळायला हवं, आणि ते कळवायचं असेल तर तुझा बाप खोटं बोलला हे लिहावंच लागेल. दुसरी वाट मला दिसत नाही. तू शोधलीस, ती शिवून टाकायची वाट आहे. ती मला चांगली येते, तुला नको शिकवायला.

मी माझ्या अक्षरात अर्धं पान लिहून काल रजिस्टरनं कचेरीत पाठवलं. एक नक्कल रडारवाल्याला, दुकानाचा पत्ता चहावाल्याच्या मुलाकडून काढला. तू हे वाचशील तोवर दोन्ही पोचलेली असतील. शुद्धलेखन चुकलं असेल, मजकूर चुकलेला नाही. कचेरीत बोलावलं तर जाईन. शेजारीण येते म्हणाली सोबत, तिला गंमत वाटते आहे.

सुट्टीत ये असं मी लिहीत नाही. येऊ नकोस असंही लिहीत नाही.

तुला बाप मोठा माणूस हवा होता, म्हणून तू तो त्या एका शब्दातून बांधलास. तो तसा नव्हता. उतावळा होता, हसरा होता, आणि आईच्या चुकीवर पांघरूण घालायला गेला. मला तेवढाच मिळाला होता. तूही तेवढ्यावर भागव.

आजी